भिंतीपासून चार हात

भाड्याचं घर बघायला गेलं की मालक आधी खोल्या दाखवतो, असा माझा समज होता. आमच्या घरमालकीण मावशींनी आम्हाला आधी घराची मागची बाजू दाखवली. मग डावी, मग उजवी. वैशाखातलं ऊन, बायकोच्या डोक्यावर पदर, माझ्या हातात जड पिशवी. त्या मात्र पुढे चालत हातातलं खुरपं जमिनीकडे रोखून म्हणत होत्या, "हे बघा. इकडून पानी असं जातं. हे बघा, इथं वळतं." जमीन ठणठणीत कोरडी होती.

"घरात मानसं किती?" त्यांनी विचारलं.

"दोघंच."

"आंघोळीला किती बादल्या?"

मी बायकोकडे पाहिलं. तिने हळूच एक बोट वर केलं. "एक," मी म्हणालो.

"दोघांत एक का दर मानशी एक? अन् डोक्यावरून न्हायचं असंल तवा?"

कुरुंद्यापासून दोन कोसांवरच्या त्या गावातल्या शाळेत माझी नव्याने नेमणूक झाली होती. मावशींच्या आधी आम्ही तीन घरं पाहिली होती. तिन्ही ठिकाणी जात विचारून झाली, पगार विचारून झाला, मटण खाता का तेही विचारून झालं. या बाईंनी त्यातलं काहीच विचारलं नाही. आमचं पाणी कुठे जाणार, एवढंच त्यांना हवं होतं. मला ते तेव्हा फार बरं वाटलं.

"भिंतीपासून चार हात," त्या शेवटी म्हणाल्या. "त्याच्या आत पान्याचा थेंब पडला न्हाई पायजे. कबूल आसंल तर कुलूप काढते."

"कबूल," मी म्हणालो. बोलायची एक पद्धत असते, तसं. त्या एका शब्दाची शिक्षा मी तीन वर्षं भोगली.

मावशी साठीच्या आसपासच्या. उंच, काटक, हनुवटीवर गोंदण. सेनगावकडे साखऱ्याच्या बाजूला एक तांडा आहे, तिथल्या त्या. नवरा अजून तिकडेच होता, शेळ्या आणि चार एकर माळ सांभाळत. दोघांचं भांडण नव्हतं. फक्त त्याला घर बांधायचं नव्हतं आणि यांना दुसरं काही करायचं नव्हतं. महिन्यातून एकदा तो यायचा, ज्वारीचं पोतं उतरवायचा, ओट्यावर बसून चहा प्यायचा आणि मला म्हणायचा, "सर, ही माझी बायको न्हाई. ही या घराची बायको हाय." मावशी आतून ओरडायच्या, "पाय तिकडं केळीपाशी धू!"

तरुणपणी दोघं सिद्धेश्वरच्या कालव्यावर मजुरीला होते. तिथे एक मुकादम पारदर्शक नळीत पाणी भरून जमिनीचा उतार काढायचा. मावशी ते नुसतं बघून शिकल्या. पुढे साठवलेल्या मजुरीतून त्यांनी या गावात गुंठाभर जागा घेतली आणि तीन खोल्या बांधल्या, एक स्वतःला आणि दोन भाड्याला. जागा काळ्या मातीची. पाया मुरमापर्यंत न्यायचा होता, पण गवंड्याने कमरेइतकं खणून दगड भरले आणि "लई झालं" म्हणून सांगितलं. पहिला पावसाळा गेला, उन्हाळा आला, आणि मागच्या भिंतीला अशी भेग पडली की तिच्यात हात जायचा. मावशींनी भिंत पाडली आणि स्वतः उभ्या राहून पुन्हा बांधून घेतली. बाकीचा पाया मात्र तसाच राहिला. तो काही उचलून खोल नेता येत नाही.

"काळी माती म्हंजे म्हैस हाय, सर," त्या सांगायच्या. "पानी पेली की फुगती. उन्हाळ्यात आटती. अन् आपण तिच्या पाठीवर बसलोय. ती हालली की आपण पडलो."

हे मला त्यांनी किती वेळा सांगितलं असेल? शाळेला निघताना, शाळेतून येताना, जेवताना खिडकीतून, पाहुण्यांसमोर. माझे वडील पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. मावशींनी नमस्कार करायच्या आधी तांब्या कुठे रिकामा करायचा ते सांगितलं. वडील परत जाताना मला म्हणाले, "घर चांगलं आहे, पण बाई जरा..." आणि वाक्य तिथेच सोडलं.

घराभोवती त्यांनी शहाबादी फरशीचा दोन हात रुंदीचा पट्टा लावून घेतला होता, बाहेरच्या बाजूला उतरता. छपराचं पाणी पाइपातून थेट कुंपणापाशी. न्हाणीघर मुद्दाम घरापासून लांब, त्याचं पाणी मागच्या केळींना. ऐकायला हे सगळं शहाणपणाचं वाटतं. पण भर पावसात चिखलातून, डोक्यावर टॉवेल धरून आंघोळीला जाऊन बघा, मग शहाणपणाबद्दल बोलू.

बायकोने खिडकीखाली कढीपत्त्याचं रोप लावलं. हौशीने, माहेरून आणून. चौथ्या दिवशी ते रोप फाटकापाशी होतं. "मुळं घराच्या पायात शिरत्यात," मावशी म्हणाल्या. "अन् तू त्याला रोज पानी घालशील. तिथं घाल की." रोप जगलं, हेही सांगायला हवं. पण बायको तीन दिवस त्यांच्याशी बोलली नाही, आणि मावशींच्या ते लक्षातही आलं नाही. एकदा तिने खिडकीतून नुसती चूळ टाकली. तासाभराने दार वाजलं. "पोरी, खिडकीतून चूळ टाकू नगं. माती वली दिसून राहिली."

कूलरचं तर विचारूच नका. हिंगोलीच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय झोप येत नाही, आणि कूलर म्हटला की तो गळणारच. मावशींनी एक प्लास्टिकचं पिंप आडवं कापून आणलं, कूलरखाली ठेवलं आणि सकाळ-संध्याकाळ ते उचलून केळीपर्यंत नेऊन ओतायचं काम मला दिलं. मी इतिहासाचा शिक्षक. शाळेतून घामेजून यायचं, शर्ट काढायचा आणि पिंप उचलायचं. वाटेत सांडलं की मागून आवाज यायचा, "सर, डावीकडं सांडलं."

बरं, पाण्याचं वैरच असतं तर समजू शकलो असतो. पण चैत्र लागला की याच बाई रोज सांजेला तांब्या घेऊन निघायच्या आणि घराभोवती बारा ठिकाणी, प्रत्येकी दोन तांबे, मोजून पाणी घालायच्या. थेट पायाला! नळाला तेव्हा चार दिवसांआड पाणी यायचं. बायको पहाटे उठून हंडे भरायची, आणि ही बाई आपल्या वाटणीचं पाणी मातीला पाजायची. माझा एकदा तोल गेला. मी म्हणालो, "मावशी, वर्षभर आम्हाला थेंब सांडू देत नाही, आणि आता तुम्हीच ओतताय? काही ताळमेळ आहे का?"

त्यांनी माझ्याकडे, मी वर्गातल्या ढ मुलाकडे बघतो तसं बघितलं. "म्हैस फुगली तरी बसती, अन् उपाशी ठिवली तरी बसती. तिला पावसाळ्यात कमी अन् उन्हाळ्यात थोडं. सगळ्या अंगाला सारखं. इतकं बी समजंना व्हय?"

मी घरात गेलो आणि दार जरा जोरात लावलं.

पाऊस आला की कहर. लोक पावसात घरात जातात, मावशी बाहेर यायच्या. डोक्यावर पोत्याची खोळ, पदर खोचलेला, हातात खुरपं. घराभोवती फेऱ्या सुरू. पाणी कुठे थबकतं, कुठे वळतं ते बघायचं, खुरप्याने चर ओढायचा. साचलेलं पाणी हलतंय की नाही हे डोळ्यांनी कळेना झालं की त्या कनवटीची पुडी काढून चिमूटभर हळद त्यात सोडायच्या. पिवळी रेघ ज्या बाजूला ओढली जाईल ती पाण्याची वाट. फरशीचा उतार बघायला सुपारी. त्या सुपारी खायच्या, ती कायम जवळ असायची. फरशीवर सुपारी ठेवायची. ती बाहेरच्या बाजूला घरंगळली तर ठीक, भिंतीकडे आली तर ती फरशी उचलून पुन्हा बसवायची. रविवारी दुपारी मी जरा आडवा झालो की हाक यायची, "सर, छत्री घेऊन या. पानी बघा." मी जायचो. छत्री धरायचो. पाणी बघायचो. त्यात बघण्यासारखं काय होतं ते मला दोन वर्षांत कळलं नव्हतं, कारण मी बघतच नव्हतो. मी छत्रीखाली उभा राहून मनातल्या मनात बदलीचा अर्ज लिहीत असायचो.

घराच्या उजव्या अंगाला चार-पाच फुटांचा बोळ, आणि बोळापलीकडे शेजाऱ्यांचं नवं दुमजली घर. त्यांचा हळद शिजवायची यंत्रं भाड्याने द्यायचा धंदा होता, माणूस बरा होता, पण मावशींचं आणि त्यांचं पहिल्यापासून बिनसलेलं. कारण अर्थातच बोळ. त्यात बारमाही ओल असायची. मावशी म्हणायच्या, तुमच्या मोरीचं पाणी येतंय. ते म्हणायचे, पावसाचं आहे. मावशी म्हणायच्या, मग उन्हाळ्यात कुठला पाऊस? ते म्हणायचे, बाई, तुमाला दुसरं काम न्हाई का? खरं सांगतो, मी मनातून त्यांच्या बाजूचा होतो.

आमच्या तिसऱ्या वर्षी गौरी-गणपती आटोपले, आणि शेजाऱ्यांच्या नव्या घराच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत तिरपी भेग पडली. दोन वर्षंही झाली नव्हती घराला. त्याच आठवड्यात त्यांच्या बायकोला ताप भरला. वसमतला दवाखान्यात नेलं, सलाइन झालं, घरी आणलं, ताप पुन्हा चढला. घरात मोठी चुळबुळ सुरू झाली. तिचा भाऊ गावाहून आला. कुणीतरी काहीतरी म्हणालं, कुणीतरी मान हलवली.

आमच्या घरात तेव्हा वेगळंच चाललेलं. एका संध्याकाळी मावशींनी आमच्या पायरीपुढे एक वीतभर चर ओढून ठेवला होता, न सांगता. दुसऱ्या सकाळी बायको बाहेर पडली, पाय त्या चरात गेला, घोटा मुरगळला. बघता बघता पाय टम्म सुजला. मी तिला आत आणून निजवलं आणि तडक मावशींच्या दारात गेलो.

"मावशी, बास झालं. महिनाअखेर आम्ही खोल्या सोडतो."

त्या वाकून बाहेर आल्या. "लई लागलं का पोरीला? हळद अन् चुना गरम करून लाव म्हणावं."

"आम्ही खोल्या सोडतोय, मावशी."

"सोडा," त्या म्हणाल्या. "पर तो चर बुजवू नका."

मी दात-ओठ खात फाटकापर्यंत आलो, आणि तिथे माणसं जमलेली दिसली. वीस-पंचवीस तरी असतील. पुढे शेजारी. त्यांच्या तळहातावर एक सुपारी होती.

"सर, बरं झालं तुमी आले," ते म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, घाबरलेला होता. "ही आमच्या भिंतीच्या बुडाशी घावली. मागं पावसात तिथं हळद बी व्हती, माझ्या पोरीनं बघितली. घराला तडा गेला. बायको हातरुणाला खिळली. तुमी शिकलेले, तुमी इथंच राहता. ही बाई पावसात हळद काहून टाकती? सुपाऱ्या काहून टाकती? तुमीच सांगा."

मला माहीत होतं. पंचवीस माणसांत मला एकट्याला माहीत होतं. एक वाक्य पुरे होतं. आणि मी बायकोचा सुजलेला पाय डोळ्यांसमोर आणून म्हणालो, "मला काय माहीत? त्यांचं त्यांनाच विचारा."

गर्दीत एक हुंकार उठला. मागच्या दोन बायांनी आपली लेकरं पोटाशी ओढली. मावशी माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी ऐकलं होतं.

"करणी केली का न्हाई, बोल," आजारी बाईचा भाऊ पुढे झाला.

"मी पानी बघत व्हते," मावशी म्हणाल्या.

"हळदीत पानी बघतेस?"

"पान्यात हळद."

कुणीतरी हसलं. तो हसला नाही. "हिच्या भिंतीपाशी पुरलं आसंल काहीतरी. खंदा." त्याने पहार आणवली. चार-सहा जण बोळात शिरले. ज्या गावात माघ-फाल्गुनात अंगणोअंगणी हळद वाळत पडते, लोकांच्या पायांच्या टाचा पिवळ्या असतात, त्या गावातली धडधाकट माणसं चिमूटभर हळदीला भिऊन एका म्हातारीच्या दारात पहार घेऊन उभी होती. मीही तिथेच उभा होतो. हातात शाळेची पिशवी घेऊन.

तोवर मावशी शांत होत्या. करणी म्हटलं, बोट नाचवलं, कुणी त्यांच्या तांड्यावरून घाण बोललं, त्यांनी तोंड उघडलं नाही. पण पहारीचं टोक फरशीच्या सांध्यात शिरलं, आणि त्या जिवाच्या आकांताने ओरडल्या.

"आरं बाबा, मला काय म्हणायचं ते म्हणा! पर तिथं खंदू नका! पाया हाय तिथं, पानी मुरंल!"

"बघा, बघा," तो म्हणाला, "तिथंच पुरलंय. कशी वरडून राहिली."

दोन बायांनी त्यांना दंडाला धरून ठेवलं. तीन फरशा उचकटल्या. खाली मुरूम, मुरमाखाली काळी माती. गुडघाभर खड्डा झाला. लिंबू निघालं नाही, बाहुली निघाली नाही, केस निघाले नाहीत. निघालं ते पाणी. शेजाऱ्यांच्या बाजूने मातीतून झिरपत आलं आणि बघता बघता तळाशी वीतभर साचलं.

खणणारे थांबले. मावशींनी दंड सोडवून घेतले, खड्ड्याच्या कडेला बसल्या, ओंजळीत ते पाणी घेतलं आणि नाकाशी नेलं.

"साबण," त्या म्हणाल्या. जणू आजूबाजूला करणीबिरणी काही चाललंच नव्हतं, अशा आवाजात. "आठ दिस झाले पाऊस न्हाई. हे पावसाचं न्हाई. भाऊ, तुमच्या मोरीत हळद घालून बादलीभर पानी वता. इथं पिवळं आलं तर ते तुमचंच."

आणि त्यांनी कनवटीची पुडी काढून पुढे केली. लोक एक पाऊल मागे सरले. शेजारीही सरले. पुडी तशीच त्यांच्या हातात राहिली.

मला लाज कधी वाटली ते मी नेमकं सांगू शकतो. ती 'मला काय माहीत' म्हणताना वाटली नाही. ती त्या पुढे केलेल्या हाताकडे बघताना वाटली. मी पिशवी खाली ठेवली आणि आमच्या खोलीकडे पळालो. त्यांची पुडी कुणी खरी मानली नसती. आमच्या डब्यातली हळद तरी मानतील, असं वाटलं.

बायको उशीवर पाय ठेवून खिडकीपाशी टेकली होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी मागायच्या आधी तिने फळीकडे बोट केलं. "डबा तिथं आहे," ती म्हणाली. "आणि मघाशी काय झालं होतं तोंडाला?"

मी डबा घेऊन शेजाऱ्यांच्या घरात गेलो. कुणी अडवलं नाही. मोरीच्या अलीकडच्या खोलीत त्यांची बायको निजली होती, ओठ सुकलेले, डोळे खोल. "सर, काय करून राहिले?" तिने विचारलं. "पाणी कुठं जातं ते बघतोय, वहिनी," मी म्हणालो, आणि हे वाक्य आपल्या तोंडून निघालं याचं मलाच नवल वाटलं. बादलीत अर्धा डबा हळद कालवली आणि मोरीत ओतली. मागोमाग दोन बादल्या साधं पाणी.

बाहेर येऊन खड्ड्याशी उभा राहिलो. एक बिडी ओढून होईल एवढा वेळ काहीच झालं नाही. भावाने माझ्याकडे तिरकं पाहिलं. मग मातीच्या कडेतून, शेजाऱ्यांच्या जोत्याच्या खालून, एक पिवळी धार आली. आधी दोऱ्यासारखी, मग बोटासारखी. खड्ड्यातलं पाणी हळूहळू पिवळं झालं.

एकाएकाला आपापली कामं आठवली. भावाने पहार भिंतीला टेकवली आणि तो आत गेला. शेजाऱ्यांनी हातातली सुपारी मावशींच्या ओट्याच्या कडेला ठेवली आणि तेही गेले. माफी वगैरे कुणी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. मोरीखालचा पाइप पाइपात नुसता खुपसलेला होता, सांधा चिकटवलेलाच नव्हता. घर बांधल्यापासून त्याचं सगळं सांडपाणी त्याच्याच पायाखाली मुरत होतं, आणि त्याच ओलीत बोळात डासांचं राज्य झालं होतं. पाइप बदलला, बोळ कोरडा झाला. वहिनी दहा-बारा दिवसांनी उठून बसल्या. शेजाऱ्यांनी गावात सांगून टाकलं, "बाई करणीवाली न्हाई, नुसती येडी हाय." गावाने ते मान्य केलं. पण सगळ्यांनी नाही. मावशी रस्त्याने निघाल्या की कोपऱ्यावरच्या घरातली म्हातारी पुढे बरेच महिने नातवाचं तोंड पदराने झाकायची. मावशी ते बघायच्या. मी बघतोय हेही बघायच्या. त्यावर त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि एरवी त्या कशावर बोलल्या नाहीत ते सांगा.

"मावशी, तक्रार करा," खड्डा खणला त्याच दिवशी दुपारी मी म्हणालो होतो. "कायदा आहे याला. मी येतो ठाण्यात तुमच्याबरोबर."

"अन् खड्डा कोण बुजवंल?" त्या म्हणाल्या. "ढग येऊन राहिले."

बातमी तांड्यावर पोचली. दुसऱ्या सकाळी नवरा आला, बरोबर दोन पुतणे. या वेळी ज्वारीचं पोतं नव्हतं. तो ओट्यावर बसला नाही, उभ्यानेच म्हणाला, "चल. हे गाव आपलं न्हाई."

"तिकडं काय करू?" मावशींनी विचारलं.

"राह्य. आपलं घर हाय की तिकडं. चाळीस वरसं झाली, एक तडा न्हाई."

"तिकडं माळ हाय. खाली मुरूम हाय. घर हलतच न्हाई," मावशी म्हणाल्या. "तिथं मला काय काम?"

तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला. मी काय सांगणार? मी स्वतः महिनाअखेर सोडणार होतो. पण तो दिवसभर गेला नाही. पुतण्यांना त्याने परत पाठवलं आणि स्वतः बोळाच्या तोंडाशी काठी घेऊन बसून राहिला. संध्याकाळी मावशींनी त्याला चहा दिला, आणि पाय धुवायला केळीपाशी पाठवलं.

खड्डा बुजवायला आम्हाला दोन दिवस लागले. 'आम्हाला' म्हणजे मावशी सांगणार आणि मी करणार. नवऱ्याने आपल्याला कंबर नाही म्हणून हात वर केले होते. एकदम माती लोटायची नाही. वीतभर मुरूम टाकायचा, त्यावर पाणी शिंपडायचं, धुमसाने चोपायचं, मग पुढची वीत. धुमस म्हणजे दांड्याला बसवलेला लोखंडी ठोकळा. तो उचलून उचलून आपटायचा. दहाव्या वेळेला माझ्या खांद्यातून कळ यायला लागली. रविवार होता. खिडकीत बायको पाय लांब करून बसली होती आणि तिला माझी दया येत नव्हती, हे तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

तिसऱ्या थराला मी धुमस टेकवला. आता बोलून टाकायला हवं होतं.

"मावशी, त्या दिवशी मी चुकलो. मला माहीत होतं तुम्ही हळद कशाला टाकता ते. आणि मी म्हणालो, मला काय माहीत. रागाच्या भरात म्हणालो. मला माफ करा."

त्या खड्ड्याच्या कडेला उकिडव्या बसल्या होत्या. खुरप्याने मुरमातला खडा बाजूला काढत म्हणाल्या, "त्यात काय माफी? खरं तेच बोलले तुमी."

"खरं कसं?"

"दोन वरसं सांगून राहिले मी तुमाला. पानी असं जातं, माती अशी फुगती, सुपारी अशी पळती. तुमी छत्री धरून उभे राह्यले. ऐकलं कवा? ऐकलंच न्हाई तर माहीत कसं आसंल?"

त्या रागाने बोलल्या नाहीत. टोमणाही नव्हता तो. चर कुठून कुठे जातो हे सांगावं तशा त्या बोलल्या. वर्गात तीस पोरांना मी रोज 'लक्ष द्या' म्हणतो.

"मग आता सांगा," मी म्हणालो.

"काय?"

"सगळं. पहिल्यापासून."

त्यांनी संशयाने माझ्याकडे पाहिलं. ही चेष्टा आहे की काय, ते तपासत होत्या. मग हातातलं खुरपं जमिनीत रोवलं.

"थांबले काहून? चोपता चोपता ऐका. पहिली गोष्ट म्हंजे, पानी कुनाचं ऐकत न्हाई..."

त्या दिवस मावळेपर्यंत बोलत होत्या. कालव्यावरच्या नळीपासून सुरुवात झाली, मधे गवंड्याला चार शिव्या झाल्या, पाडलेल्या भिंतीचा एकेक दगड कुठे गेला तेही झालं. खरं सांगतो, त्यातलं निम्मं मला कळलं नाही आणि उरलेल्या निम्म्याचा कंटाळा आला. हाताला फोड आले होते. बायकोने चहा दोनदा गरम केला. पण मी खड्ड्यातून वर आलो नाही. मधेच एकदा, मीच थांबून त्यांना विचारलं, "म्हणजे इथं उतार कमी पडला तर?"

मावशींचं तोंड असं उजळलं की मी घाईने पुन्हा धुमस उचलला.